परक्याने रचलेली इंग्लिश बाग

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर परगण्यात, कॉट्सवोल्ड टेकड्यांच्या उत्तरेकडच्या कडेवर हिडकोट नावाची एक बाग आहे. क्षेत्रफळ जेमतेम साडेदहा एकर. पण विसाव्या शतकातल्या इंग्लिश बागेविषयी लिहिणाऱ्या कोणालाही हिडकोटला वगळून पुढे जाता येत नाही. १९४८ साली ‘नॅशनल ट्रस्ट’ या वारसा जपणाऱ्या संस्थेने ही बाग स्वीकारली. त्याआधी ट्रस्टकडे समुद्रकिनारे, माळराने आणि सरदारांचे वाडे आले होते; वाड्यांच्या जोडीने बागाही आल्या होत्या. केवळ बाग मोलाची म्हणून ट्रस्टने हाती घेतलेली पहिली मालमत्ता मात्र हिडकोट. इंग्लिश माणसाने आपल्या मातीतली खास चीज म्हणून पुढच्या पिढ्यांसाठी जी बाग सर्वांत आधी राखून ठेवली, ती ही.

ही बाग ज्याने केली तो लॉरेन्स जॉन्स्टन अमेरिकन आईबापांचा मुलगा होता. त्याचा जन्म १८७१ साली पॅरिसमध्ये झाला, बालपण बरेचसे फ्रान्समध्ये गेले आणि १९५८ साली तो वारला तोही फ्रान्समध्येच. कॅथलिक पंथाचा, आयुष्यभर अविवाहित, आणि मुख्य म्हणजे मुका. बोलण्यात नव्हे, मित्रमंडळींत तो चांगला रमत असे. पण कागदावर मुका. चाळीस वर्षे ज्या बागेवर त्याने पैसा, वेळ आणि जीव ओतला तिच्याविषयी त्याने एक पुस्तक लिहिले नाही, की आपली कल्पना समजावून सांगणारा एखादा लेख लिहिला नाही. त्याच्या हातचा संपूर्ण बागेचा आराखडाही मिळत नाही. त्याच्या काळात इंग्लंडात बागेवर लिहिणाऱ्यांची रेलचेल होती, म्हणून हे मौन अधिकच जाणवते.

या लेखात मला दोन प्रश्नांचा माग घ्यायचा आहे. एका परक्याने केलेली बाग ‘अस्सल इंग्लिश’ कशी ठरली? आणि करणाऱ्याने काहीच लिहून ठेवले नसेल, तर दर ऋतूत बदलणाऱ्या वस्तूचा इतिहास कशावरून वाचायचा?

*

आधी ‘इंग्लिश बाग’ या शब्दाकडे पाहू, कारण तो शब्दच स्थिर नाही. अठराव्या शतकात युरोपात इंग्लिश बाग म्हटले की डोळ्यांसमोर फुले येत नसत. लान्सलॉट ब्राउन (१७१६–१७८३) आणि त्याच्यासारख्यांनी जमीनदारांच्या वाड्यांभोवतीची भौमितिक उद्याने मोडून तिथे लांबच लांब हिरवळ, वळणदार तळी आणि झाडांचे पुंजके आणले. पाहणाऱ्याला वाटावे की निसर्गच असा होता. प्रत्यक्षात त्यासाठी टेकाडे हलवली जात आणि ओढे अडवले जात. म्युनिकमध्ये १७८९ साली सुरू झालेले सार्वजनिक उद्यान आजही ‘इंग्लिश बाग’ म्हणूनच ओळखले जाते, ते याच अर्थाने.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाद दुसराच होता. विल्यम रॉबिन्सन या आयरिश माळ्याने १८७० साली ‘द वाइल्ड गार्डन’ हे पुस्तक काढून रोपांना मोकळे वाढू द्यावे असा पक्ष मांडला. उन्हाळ्यापुरती काचघरातली रंगीत रोपे आणून गालिच्यासारखी मांडण्याची तेव्हाची चाल त्याला मुळीच पसंत नव्हती. उलट रेजिनल्ड ब्लूमफील्ड या वास्तुविशारदाने १८९२ साली ‘द फॉर्मल गार्डन इन इंग्लंड’मध्ये बाग ही घराचाच विस्तार आहे, तिला भिंती, पायऱ्या आणि सरळ रेषा हव्यात, असे ठासून सांगितले. दोघांचे चांगलेच वाजले. या दोन टोकांमधून वाट काढली ती गरट्रूड जीकल या चित्रकार बाईने. नजर अधू होत गेल्यावर तिने चित्रांऐवजी फुलांचे ताटवे रंगवायला घेतले. तिचा जोडीदार होता तरुण वास्तुविशारद एडविन लट्यन्स. पुढे नवी दिल्ली उभारणारा तोच. त्याने दगडी चौकट आखायची आणि तिने त्या चौकटीत रोपांची उधळण करायची, अशी त्यांची वाटणी होती.

म्हणजे जॉन्स्टन बागेला हात घालतो तेव्हा ‘इंग्लिश’ म्हणजे नेमके काय, याविषयी इंग्लिश लोकांतच एकमत नव्हते. बाहेरून आलेल्याला ही मोठीच सोय असते. घरातल्यांना कोणती तरी बाजू घ्यावी लागते; पाहुण्याला दोन्हीकडचे हवे ते उचलता येते.

*

जॉन्स्टनच्या आईचे, गरट्रूडचे, माहेर न्यूयॉर्कचे. दोरखंडाच्या धंद्यात पैसा केलेले वॉटरबरी घराणे. बाप एलियट जॉन्स्टन अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेला आणि अँटीटमच्या लढाईत पाय गमावलेला. हे लग्न टिकले नाही. गरट्रूडने १८८७ साली चार्ल्स विन्थ्रॉपशी दुसरे लग्न केले. तोही १८९८ मध्ये गेला. थोरला मुलगा लॉरेन्स केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात शिकून १८९७ साली पदवीधर झाला होता. १९०० च्या जानेवारीत त्याने ब्रिटिश नागरिकत्व घेतले आणि लगोलग साधा शिपाई म्हणून बोअर युद्धासाठी दक्षिण आफ्रिका गाठली. नव्या देशावरची निष्ठा सिद्ध करण्याची ती त्या काळची सरळ रीत होती.

१९०७ साली विधवा गरट्रूडने लिलावात हिडकोट विकत घेतले. किंमत ७,२०० पौंड. जुने दगडी घर, कुळांची काही घरे आणि सुमारे ३०० एकर शेतजमीन. मुलाने शेतीत लक्ष घालावे आणि गावात इंग्लिश जमीनदारासारखे मानाने राहावे, असा तिचा बेत. घरासमोर तेव्हा लेबनॉनचा एक जुना देवदार होता, बीच वृक्षांचे दोन पुंजके होते आणि भिंतीआड थोडी बाग होती. बाकी सगळी उघडी कुरणे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० फूट, वारा बोचरा, माती चुनखडीची. जाणत्या माळ्याने बागेसाठी ही जागा निवडली नसती.

त्या वाऱ्यातच बागेच्या रचनेचे मूळ आहे असे मला वाटते. वारा अडवायचा तर आडोसा हवा. भिंती बांधणे खर्चाचे आणि वेळखाऊ, म्हणून जॉन्स्टनने जिवंत कुंपणे लावली. यू, हॉली, बीच, हॉर्नबीम आणि बॉक्स ही सगळी युरोपात रुळलेली, कापणी सोसणारी झाडे. कुंपण उंच झाले की त्याची भिंत होते. चार भिंती झाल्या की खोली होते. आणि खोल्या झाल्या की एकीतून दुसरीत जाण्याचा मार्ग आखावा लागतो. हिडकोटच्या ज्या ‘दालनां’ची पुढे इतकी वाखाणणी आणि नक्कल झाली, ती अशी गरजेपोटी आली असावीत. काही ठिकाणी त्याने एकाच कुंपणात चार-पाच जातींची झाडे मिसळून लावली. वसंतात आणि शरदात प्रत्येकाचा रंग वेगळा निघतो आणि ती हिरवी भिंत विणलेल्या कापडासारखी दिसू लागते.

मी पहिल्यांदा तिथे गेले ते जूनच्या एका ढगाळ सकाळी. पुस्तकांत नकाशा अनेकदा पाहिला होता, तरी प्रत्यक्ष चालताना जे कळले ते नकाशात दिसत नाही. जुन्या देवदारापासून पश्चिमेकडे एक सरळ रेषा निघते. आधी घराजवळची जुनी बाग, मग हिरवळीचे एक वर्तुळ, मग दोन्ही बाजूंनी लाल ताटवे. तांबडी डेलिया, कर्दळ, तांबूस जांभळ्या पानांची झुडपे. आपल्याकडच्या डोळ्याला हे रंग नवे नाहीत, पण इंग्लंडच्या करड्या उजेडात ते निखाऱ्यासारखे दिसतात. त्यापुढे काही पायऱ्या चढल्यावर दोन छोटे विटांचे मंडप. मंडपांपलीकडे हॉर्नबीमच्या झाडांच्या दोन रांगा: खाली उघडे सरळ खोड आणि वर पाने चौकोनी पेटीसारखी छाटलेली. ही चाल थेट फ्रान्सची. आणि रेषेच्या शेवटी एक फाटक. त्याच्या गजांतून दिसते फक्त आकाश आणि खाली पसरलेले खोरे.

दक्षिणेकडच्या मंडपात शिरून उजवीडावीकडे पाहावे, तर दुसरी रेषा काटकोनात निघालेली असते. हिला ‘लाँग वॉक’ म्हणतात. दोन्ही बाजूंना हॉर्नबीमच्या उंच भिंती, मध्ये हिरवळ, बाकी काही नाही. एक फूल नाही. रंगांनी डोळे भरल्यावर नेमक्या जागी ही रिकामी वाट येते. अलीकडे एक दालन आहे त्यात जवळजवळ सगळी जागा एका गोल, उंच काठाच्या पाण्याने व्यापली आहे. माणसाला कडेने वळसा घालून जावे लागते. एक दालन पिवळ्या रंगाचे आहे, त्याला आईचे नाव दिलेले आहे. आणि घरापासून जसजसे दूर जावे तसतशी छाटणी सैल होत जाते. ओढ्याकाठी रॉबिन्सनला आवडले असते असे रान आहे; घराजवळ ब्लूमफील्डला पटल्या असत्या अशा रेषा आहेत. ज्या वादावर पुस्तकेच्या पुस्तके खर्ची पडली, त्याचे उत्तर जॉन्स्टनने जमिनीवर देऊन टाकले आणि त्याविषयी अवाक्षर काढले नाही.

ही सारी रचना एका दमात झाली नाही. घराजवळची दालने मुख्यतः पहिल्या महायुद्धाआधीची. १९१४ मध्ये जॉन्स्टन पुन्हा सैन्यात गेला आणि बेल्जियममध्ये जखमी झाला. परतला तो मेजर म्हणून, आणि गाव त्याला शेवटपर्यंत ‘मेजर’च म्हणत राहिले. लांब वाट आणि तिच्यापलीकडचे रान यांना खरा आकार आला तो युद्धानंतर.

*

रचना युरोपातली, तर रोपे जगभरची. जॉन्स्टनला रोपांचे वेड होते आणि ते पुरवण्याची ऐपतही. चुनखडीच्या मातीत न जगणाऱ्या ऱ्होडोडेंड्रॉनसाठी त्याने बाहेरून वेगळी माती आणवली. थंडी न सोसणाऱ्या रोपांसाठी काचेचे मोठे घर बांधले. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा १९२४ साली फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर मेंतोंजवळ ‘सेर द ला मादोन’ ही दुसरी जागा घेऊन तिथे उष्ण हवेची बाग केली.

१९२७ मध्ये तो पुन्हा दक्षिण आफ्रिकेला गेला. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या देशात तो बंदूक घेऊन उतरला होता, तिथे आता रोपे गोळा करायला. बरोबर कॉलिंगवुड इंग्रम, रेजिनल्ड कोरी आणि तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज टेलर. १९३०–३१ च्या हिवाळ्यात त्याने चीनच्या युन्नान प्रांताची मोहीम काढली, ती जॉर्ज फॉरेस्ट या नामांकित वनस्पतिशोधकाबरोबर. वाट ब्रह्मदेशातून जाणारी: रंगूनहून भामो आणि तिथून डोंगर ओलांडून तेंग्युए. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. फॉरेस्टला कामाची घाई, आणि जॉन्स्टन वाटेवरच्या साहेबलोकांच्या मेजवान्यांत गुंतलेला. फॉरेस्टच्या पत्रांत त्याच्यावरचा संताप स्पष्ट उतरला आहे. पुढे जॉन्स्टन आजारी पडला आणि अर्ध्यातून परतला. फॉरेस्ट मात्र तिथेच राहिला आणि १९३२ च्या जानेवारीत तेंग्युएजवळच वारला.

या फसलेल्या सफरीतूनही दोन रोपे युरोपच्या बागांत आली, असे श्रेय जॉन्स्टनला दिले जाते. एक मोठ्या पानांची महोनिया, आणि दुसरी आपल्या जाईजुईच्याच कुळातली, गुलाबी कळ्यांची, पांढऱ्या सुवासिक फुलांची युन्नानी वेल. आज थंड देशांतल्या घराघरांत कुंडीत दिसणारी ही वेल त्या वाटेने आली. पण हे श्रेय त्याचे एकट्याचे कसे मानायचे? फॉरेस्ट ज्यांच्या भरवशावर काम करी ते युन्नानमधल्या नाशी जमातीचे वाटाडे आणि बी गोळा करणारे होते. त्यांनी डोंगर पालथे घातले. त्यांच्यापैकी फार थोड्यांची नावे इतिहासात उरली.

हेच हिडकोटमधल्या माळ्यांचे. १९२२ साली फ्रँक अ‍ॅडम्स हा मुख्य माळी म्हणून आला, तो १९३९ साली मरेपर्यंत तिथेच होता. बागेची सर्वांत भरभराटीची वर्षे नेमकी हीच. हिवाळाभर मालक मेंतोंच्या उन्हात असे. इथे गोठलेल्या जमिनीत खणणारे, आणि एरवी मैलोगणती कुंपणे हातकात्रीने छाटणारे अ‍ॅडम्स आणि त्याचे सहकारी. एकाच्या मौनाचा आपण एवढा बाऊ करतो. या माणसांना तर बोलायला कोणी विचारलेही नव्हते. ‘जॉन्स्टनने ही बाग केली’ हे वाक्य मीही या लेखात वापरते आहे, पण ते व्याकरणाच्या सोयीचे आहे हे ध्यानात ठेवलेले बरे.

पैशाचेही तसेच. आईने १९२६ साली मरताना संपत्ती मुलाच्या हाती मोकळी सोपवली नाही. मुद्दल विश्वस्तांकडे ठेवून त्याला उत्पन्न मिळेल अशी तजवीज केली. मुलगा सगळे बागेत घालील ही तिची धास्ती असावी असा अंदाज पुष्कळांनी केला आहे, आणि तो अनाठायी वाटत नाही. न्यूयॉर्कच्या दोरखंडाच्या कारखान्यातला पैसा ग्लॉस्टरशरच्या चिखलात मुरला. त्या भागाला अशा पैशाची सवय होतीच. जवळच सेझिनकोट नावाचे घर आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत गबर झालेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याच्या वास्तुविशारद भावाने १८०५ च्या सुमारास बांधलेले, वर तांब्याचा मोगली घुमट चढवलेले. इंग्लिश खेडे म्हणून आपण जे चित्र मनात धरतो त्यात बाहेरचा पैसा आणि बाहेरच्या आकृत्या फार आधीपासून मिसळलेल्या आहेत.

*

दुसऱ्या महायुद्धानंतर जॉन्स्टन सत्तरी ओलांडलेला, थकलेला, आणि स्मृती दगा देऊ लागलेली. बाग नोरा लिंडसे या आपल्या जुन्या मैत्रिणीकडे द्यावी असे त्याच्या मनात होते. तीही नावाजलेली बागकार. पण १९४८ च्या जूनमध्ये तीच गेली. त्याच उन्हाळ्यात त्याने हिडकोट ट्रस्टच्या स्वाधीन केले आणि तो मेंतोंला राहायला गेला. दहा वर्षांनी त्याचा देह परत आणून हिडकोटजवळच्या मिकल्टन गावच्या चर्चच्या आवारात आईशेजारी पुरला.

आणि मग बागेच्या वतीने दुसरे बोलू लागले. त्यांत सर्वांत वजनदार आवाज व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट या लेखिकेचा. केंटमधल्या सिसिंगहर्स्ट इथे तिने आणि तिचा नवरा हॅरल्ड निकल्सन याने १९३० पासून अशीच दालनांची बाग उभी केली होती. १९४९ साली रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या नियतकालिकात तिने हिडकोटवर लेख लिहिला आणि त्या बागेचे नाते इंग्लिश खेड्यातल्या झोपडीपुढच्या दाटीवाटीच्या फुलबागेशी जोडले. तुलना अगदीच खोटी नव्हती. दालनांतली रोपांची गर्दी तशी आहेच. पण त्या एका तुलनेने बागेतली फ्रान्सची छाटणी, इटलीची रेषा, युन्नानची वेल आणि आफ्रिकेचे कंद हे सगळे मागच्या दाराने बाहेर गेले. उरली ती घरगुती, जुनी, ‘आपली’ बाग. नुकत्याच युद्धातून निघालेल्या, रेशनवर जगणाऱ्या, साम्राज्य आवरते घेणाऱ्या देशाला तेव्हा अशाच बागेची गरज होती. जॉन्स्टनचे मौन इथे उपयोगी पडले. ज्याने काही लिहिले नाही त्याच्या तोंडी काहीही घालता येते.

परिणाम जमिनीवरही झाला. ट्रस्टकडे सुरुवातीला पैसा आणि माणसे कमी होती. काचेचे मोठे घर पाडले गेले. ताटव्यांतली रोपे सांभाळायला सोप्या जातींनी बदलली. येणाऱ्यांची संख्या वाढली तशा वाटा पक्क्या झाल्या. पन्नासेक वर्षांनी संशोधक जुनी छायाचित्रे, पत्रव्यवहार, रोपवाटिकांशी झालेले व्यवहार आणि जॉन्स्टनच्या हाती लागलेल्या दोन दैनंदिन्या पडताळू लागले, तेव्हा ध्यानात आले की लोक ज्याला जॉन्स्टनची बाग समजून पाहत होते त्यातले बरेच त्याच्या मागून आलेले होते. या शतकाच्या पहिल्या दशकात ते काचघर पुन्हा उभारले गेले.

मग ‘मूळ’ बाग कोणती धरायची? १९१४ ची, १९३० ची, की १९४८ ची? इमारतीच्या बाबतीत हा प्रश्न अवघड असतो, बागेच्या बाबतीत तो जवळजवळ निरर्थक होतो. झाड वाढते, सावली पसरते, सावलीत कालची फुले तग धरत नाहीत. बाग एका तारखेला गोठवायची म्हटले तरी ती दुसऱ्या दिवशी पुढे गेलेली असते. म्हणून बाग वाचताना रोपांपेक्षा रेषांवर भर द्यावा, असे मला वाटते. फुले बदलली, पण देवदारापासून आकाशाच्या फाटकापर्यंतची रेषा तीच आहे. रंगांनंतर रिकामी वाट ठेवण्याची जाण तीच आहे. जॉन्स्टनने जे लिहिले ते एवढेच, आणि ते वाचता येते.

राहिला पहिला प्रश्न. आपण दसऱ्याला दाराला झेंडूचे तोरण बांधतो, दिवाळीत लक्ष्मीपूजनाला तीच फुले वाहतो. झेंडू मूळचा अमेरिकेतला. कोलंबसाच्या आधी तो आपल्या मुलखात नव्हता. देवळाच्या आवारातला पांढरा देवचाफाही तिकडचाच. म्हणून आपला दसरा खोटा ठरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या हातांनी ती फुले लावली, ओवली आणि वाहिली त्या हातांनी ती आपली केली. हिडकोट इंग्लिश आहे ते याच अर्थाने, जॉन्स्टनच्या जन्मदाखल्याकडे डोळेझाक करून नव्हे. एखादी गोष्ट आपली म्हणताना ती कुठून आली हे विसरण्याची गरज नसते. हिडकोटच्या बाबतीत ते विसरले गेले. काय विसरले ते शोधायला अर्धे शतक लागले, आणि तेवढ्या काळात फ्रँक अ‍ॅडम्सच्या हाताखाली खपलेल्यांपैकी बहुतेक जण काही सांगायला उरले नव्हते.